फाटकावरचा कॅमेरा

"पण पाणी सांडलंच कसं, बाबा? नेमकं त्याच दिवशी?"

मुलीने हे कितव्यांदा विचारलं, देव जाणे. बाबा कफाच्या बटणाशी चाळा करत राहिले. पांढऱ्या शर्टाला निळं बटण; आईला रंग कळेनासे झाले तेव्हा तिनेच लावलेलं. "हात थरथरतो गं," एवढंच म्हणाले.

आई अकरा दिवसांपूर्वी गेली ती परतलीच नाही. स्वतःचं नावही न आठवणारी बाई. फाटकाची कडी मुद्दाम उंच बसवून घेतली होती. त्या दिवशी ती उघडी राहिली असावी, असं बाबा म्हणाले. आई डावीकडे बाजाराकडे वळली की उजवीकडे नदीकडे, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. पण ज्या डब्यात कॅमेऱ्यांची चित्रं साठायची, त्यावरच बाबांच्या हातून पाण्याचं भांडं उपडं झालं होतं.

कॅमेरेवाल्याने डबा उघडून मान हलवली. "हा गेला. घरातले तिन्ही कॅमेरे जुने, कोॲक्स वायरचे. त्यांना नुसते डोळे असतात, ताई. लक्षात ठेवायचं ते डब्याने. डबा मेला, खेळ खलास."

तिची नजर फाटकाकडे गेली.

"फाटकावरचा कुणी बसवला?" त्याने विचारलं.

"मी. फोनवर दिसावं म्हणून. पण त्यात फक्त चालू घडीचं दिसतं."

"अहो, तो नेटवर्कचा! त्याच्या पोटातच कार्ड असतं. पंधरा दिवसांचं सगळं राहतं. आणि चित्र असं लख्ख, की गालावरचा तीळ दिसेल."

तिला रडूच फुटलं. "बाबा, ऐकलंत?"

"वायरी तर सगळ्या सारख्याच दिसतात," बाबा पुटपुटले. मग म्हणाले, "राहू दे आता. पाठमोरी दिसेल. ते बघून काय करायचंय?"

"रस्ता तरी कळेल ना!"

शिडी लागली. नखाएवढं कार्ड लॅपटॉपमध्ये गेलं. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

पडद्यावर आई आली. अंगावर राखाडी शाल, एकाच पायात चप्पल. कडी बंद होती. टाचा उंचावूनही तिचा हात पोचेना. ती तशीच उभी राहिली, शाळेबाहेर ताटकळणाऱ्या पोरीसारखी.

मग मागून निळ्या बटणाचा हात आला. त्याने कडी काढली, तिच्या खांद्यावरची शाल नीट केली, आणि ती बाहेर पडल्यावर, जराही न थरथरता, कडी पुन्हा लावली.