चाळीस आणि सदतीस

"एकदा कैची चालवली का मंग वापस येत नाही, ताई. म्हणून तुमाले बलावलं," प्रविण म्हणाला आणि त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर खडूनं दोन आकडे लिहिले होते. चाळीस. त्याच्या खाली सदतीस.

साकोलीत हायवेला लागून त्याचं सीट-कुशनचं दुकान. पुढच्या टिनाखाली उर्वशीच्या वडिलांची कापडी टपाची जुनी हेराल्ड गाडी उभी होती, टपाविना. मूळच्या कमानी गंजून गेल्या होत्या, म्हणून पाइप वाकवून तीन नव्या केल्या होत्या. मधली अजून पक्की केलेली नव्हती. ती किती उंच ठेवायची हे ठरलं की टपाचं कापड तेवढं कापायचं. काळं जाड कापड नागपूरहून मागवलेलं, एकच तुकडा. वेल्डर पाच वाजता येणार होता.

"वरचं माप दिवाळीतलं," प्रविण सांगू लागला. "काकाजी सीटवर बसले, मी डोक्यावर चार बोटं सोडली अन् मोजलं. चाळीस इंच. मंग कापड भेटाले उशीर झाला. होळीच्या आधी म्हटलं, कापाच्या पहिले अजून एकदा पाहून घ्यावं. तं सदतीस आले. आता कोणतं धरू? विचाराले काकाजी तं राहिले नाहीत."

तेरवी होऊन अकरा दिवस झाले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडासमोर धरून पाठीचे खचलेले तीन मणके दाखवले होते. हे आजकालचं नाही, सहा महिने तरी झाले असतील, फार दुखत असणार, घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं होतं. घरात वडील एकटेच असत. उर्वशी पुण्याला. दर रविवारी फोनवर ते "एकदम टनाटन" म्हणायचे आणि मग गाडीचंच सांगत बसायचे.

"दुसऱ्या वेळी काय म्हणाले बाबा?" तिनं विचारलं.

प्रविण जरासा हसला. "मलेच झापलं. म्हणे, तुहा टेप उंदरानं खाल्ला का बे, तीन इंच कोठी गेले? मी म्हटलं, काकाजी, तुमी वाकून बसले, सरळ बसा. तं म्हणे..."

त्याची नजर भिंतीवरच्या आकड्यांवर गेली.

"काय म्हणाले?"

"म्हणे, याच्यापेक्षा सरळ आता होत नाही."

हायवेवरून एक ट्रक गेला. टिन थरथरून पुन्हा गप्प झालं.

"गाडीत चढले कसे?"

प्रविण बोटाला लागलेला खडू दुसऱ्या बोटानं खरवडत राहिला. "मी बसवलं. उचलून. वजनच नव्हतं, ताई."

"आणि मला सांगितलं नाही तुम्ही."

"त्यायनं शपथ घातली. म्हणे, पोरीची नवी नोकरी हाय, सांगशीन तं टाकून धावत येईल. अन् खरं सांगू का, मलेही वाटे का टेपच चुकला असन. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा टेप आणला. त्यानं जुना टेप मोजला." त्यानं मान वर केली नाही. "जुना बरोबर होता."

उर्वशीनं चपला काढल्या, का कोण जाणे, आणि हेराल्डचं दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसली. स्टिअरिंगचं चाक उन्हानं तापलेलं होतं. दोन्ही हात तिनं त्यावर ठेवले.

"माझं घ्या माप."

"तुमचं काहून, ताई?"

"घ्या."

प्रविणनं तिच्या डोक्यावर आडवी चार बोटं धरली आणि दुसऱ्या हातानं टेप सीटपर्यंत सोडला. आकडा वाचला. टेपचं टोक सीटवर नीट टेकलं आहे ना, ते वाकून पाहिलं आणि परत वाचला.

"किती?"

"सदतीस."

बाबा म्हणजे घरातल्या प्रत्येक दारातून वाकून आत येणारा माणूस. लहानपणी ती त्यांच्या पायांवर पाय ठेवून उभी राहायची, तरी तिचं डोकं जेमतेम त्यांच्या पट्ट्याला लागायचं. पुढे ती वर्गात सगळ्यांहून उंच झाली, तेव्हाही फोटोत त्यांच्या खांद्यापर्यंतच. होळीच्या आधी, या सीटवर, ते तिच्याएवढे झाले होते.

प्रविणच्या चेहऱ्यावरचं ओझं मात्र उतरल्यासारखं दिसलं. "मंग तं झालंच की. आता गाडी तुमीच चालवान. सदतीसनं कापतो. तुमच्या मापात बरोबर बसते."

तो कैची घ्यायला वळला.

"चाळीसनं कापा," उर्वशी म्हणाली.

"काहून?" तो तिच्याकडे पाहत राहिला. "उंटावानी दिसन, ताई. जराशी स्पीड धरली का हवा भरते. मी चार ठिकाणी टप बसवले, खोटं नाही सांगत. अन् तुमच्या डोक्यावर इतकं सारं रिकामंच राहीन."

"राहू दे."

ती खाली उतरली. फळ्यांच्या लांब टेबलावर कापड पसरलेलं होतं. तिनं पलीकडे जाऊन आपल्या बाजूचं टोक दोन्ही मुठींत घेतलं आणि ताणून धरलं.