ऊन पाणी

पंपानं घरघर केली, दोन उचक्या दिल्या आणि शॉवरमधून पाण्याची अशी झोड उठली की शंकररावांनी हात मागं घेतला. मग स्वतःशीच हसून पुन्हा पुढं केला. गरम आणि गार, दोन्ही नळ थोडे थोडे फिरवत त्यांनी पाणी अंगाला सोसेल असं जुळवलं आणि बाहेर येऊन पंप बंद केला.

"आता बघ," दाराशी काठी टेकून उभ्या असलेल्या पार्वतीबाईंना ते म्हणाले, "मी हितनं बटण दाबणार. तू नळाला हात लावायचा न्हाई."

"आन् कडी?"

"कडी कशाला?"

"मी आतनं लावणार."

लकव्यानं पार्वतीबाईंची डावी बाजू गेली, तिथं हात लावलेलाही कळेनासा झाला, त्याला आठ महिने झाले होते. तेव्हापासून शंकररावच त्यांना अंघोळ घालत. तेवढा वेळ त्या डोळे मिटून बसायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. गच्चीवर सोलरची टाकी होती, पण घर बैठं. टाकी शॉवरपासून जेमतेम तीन फूट वर, त्यामुळं पाणी नुसतं ठिबकायचं. तेवढ्यात एका हातानं अंग धुणं जमायचं नाही. शंकररावांनी दौंडला रेल्वेत बत्तीस वर्षं पाइपांचं काम केलेलं. पंप बसवायला त्यांनी दुसरा माणूस बोलावला नाही.

आतून कडी लागली. प्लॅस्टिकची खुर्ची सरकली.

"लावा!"

शंकररावांनी बटण दाबलं. "आलं का?"

"आलं! लई जोरात हाय वो." आणि पाठोपाठ हसू ऐकू आलं. "त्या व्यायामवाल्या बाई सांगत व्हत्या नव्हं, अधू खांद्यावर ऊन पाणी घ्या म्हणून? तशीच बसलीया."

बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. शंकरराव भिंतीला टेकून ऐकत राहिले. आत पाणी आदळत होतं, आणि पार्वतीबाई चक्क गुणगुणत होत्या. पंप थरथरतोय का बघावं म्हणून ते वाकले. आधाराला गार पाण्याचा पाइप धरला आणि हाताला चटका बसला.

क्षणभर त्यांना कळेना. मग कळलं. पंप त्यांनी एकट्या गरम पाण्यावर बसवला होता. मघाशी पाणी सोसलं ते पाइपात साचलेलं गार पाणी आधी आलं म्हणून. पंपाच्या जोरापुढं गच्चीवरून नुसतं उतरणारं गार पाणी टिकलं नव्हतं. गरम पाणी उलटं त्याच्याच पाइपात शिरलं होतं. शॉवरमधून आता फक्त टाकीतलं कढत पाणी पडत होतं.

त्यांनी बटण बंद केलं आणि दारावर थाप मारली.

"पार्वती, बाजूला हो! कडी काढ!"

"बंद का केलं? चांगलं चाललं व्हतं."

"अगं, भाजलं का तुला?"

"कुठं? काईच न्हाई झालं. अंग तर पुसू द्या."

"आधी कडी काढ!"

बऱ्याच वेळानं कडी निघाली. ओला गाऊन अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि चेहरा असा की शंकररावांना तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत कातडी लालबुंद झाली होती. दंडावर फोड उठायला लागले होते. पार्वतीबाईंनी तिकडं बघितलंच नव्हतं.

"एकटीनं केली," त्या म्हणाल्या. "उद्यापास्नं तुम्ही निस्तं बटण दाबत जा."

शंकररावांनी त्यांना धरून पुन्हा खुर्चीत बसवलं, कोपऱ्यातल्या बादलीत तांब्या बुडवला आणि त्या खांद्यावर गार पाणी ओतायला सुरुवात केली.

पार्वतीबाई भांबावून वर बघत राहिल्या.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "माझी झाली की अंघोळ."