जयगडचा दिवा

"उजव्या हाताला?" रोझारिओने विचारलं. "गुणाजी, कोकणात जाताना उजव्या हाताला नुसता दर्या असतो रे. तिथे दिवा लावायला कोण गेलं होतं, तू?"

कट्ट्यावरची मंडळी हसली. गुणाजीही ओशाळून हसला. चारकोपच्या या सेक्टरात राहायला आल्यापासून तो ही गोष्ट सांगत होता. मुंबईहून बोटीने मालवणला जाताना उजव्या हाताला जयगडचा दिवा कसा झगमगला, ते ऐकताना आजवर कोणी हूं की चूं केलं नव्हतं. इथले बरेचसे कोकणी एसटीने जाणारे, आणि जे बोटीने गेले ते रात्रभर घोरत गेले. रोझारिओ मात्र नुकताच समोरच्या खोलीत आलेला. त्याची सासुरवाडी वेंगुर्ल्याची, आणि सासऱ्याकडचे आंबे खायला या गृहस्थाने दर मे महिन्यात बोटच धरलेली.

गिरणी होती तेव्हा गुणाजी जॉबर होता, खात्यातल्या कामगारांचा मुकादम. खात्यात शिरला की माणसं बिड्या विझवायची. संपात गिरणी गेली आणि तो मानही गेला. नव्या वस्तीत त्याला कोण विचारणार? विचारलं ते बोटीच्या गोष्टींमुळे. संध्याकाळी कट्ट्यावर त्याची जागा राखलेली असायची. हर्णैला होड्या कशा बोटीला येऊन भिडल्या, देवगडला बोटीवरून छोट्या पडावात उतरताना एका म्हातारीची कोंबडी निसटून थेट कप्तानाच्या टोपीवर कशी बसली, हे सगळ्यांना पाठ होतं, तरी पुन्हा ऐकायचे. आज ती जागा डळमळली.

खरं सांगायचं तर गुणाजीने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला तो आणि मालन बोटीने गावी निघाली. भाऊचा धक्का मागे पडतो न पडतो तोच त्याला बोट लागली. खालच्या डेकवर, सामानाच्या ढिगामागे, नाकाशी लिंबू धरून आणि डोळे घट्ट मिटून तो जो आडवा झाला, तो मालवण येईपर्यंत. किनारा पाहिला तो मालनने. ती सांगत गेली, तो ऐकत गेला, आणि पुढे ते त्याने आपल्याच नावावर चढवलं. बायको चारचौघांत तोंड उघडत नाही, मग तिने पाहिलेलं फुकट कशाला घालवायचं, असा त्याचा हिशेब.

तो धुसफुसतच घरी आला. मालन आमसुलं डब्यात भरत बसली होती. त्याने सगळी रड गायली. लोक हसले, पार वाट लागली, उद्या कोणत्या तोंडाने कट्ट्यावर जायचं, आणि तुला एवढं डावं-उजवं कळू नये?

मालनने मान वर केली नाही. दिवा तिने पाहिलाच नव्हता, असं तिने शांतपणे सांगितलं. जयगड आलं, जयगड आलं, असं वरून कोणीतरी ओरडलं, तेवढं तिच्या कानावर पडलं. बंदरांची नावं खरी. बाकी दिवा, होड्या, कोंबडी, कप्तानाची टोपी, सगळं तिने रचलेलं.

गुणाजी तिच्यासमोर येऊन बसला. थापा आपण मारतो, याची त्याला कल्पना होती. पण त्या आधी आपल्यालाच कोणी मारल्या असतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पण का गं? वर जाऊन बघून यायला काय झालं होतं तुला?"

"कशी जाणार? माझा हात कुठे सोडत होतात तुम्ही? सारखं आपलं, मालन, बोल काहीतरी, तू गप्प झालीस की मला कसंतरी होतं. मग बोलत बसले."

गुणाजीला आधी रोझारिओचा राग आला, मग मालनचा आला, आणि मग कोणाचाच येईना. त्याने उगाच डब्यातलं एक आमसूल उचलून तोंडात टाकलं.

"म्हणजे अख्खा किनारा गेला आणि तू काहीच पाहिलं नाहीस?"

"पाहिलं ना," मालन म्हणाली. "तुमचं तोंड. हर्णैला पिवळं होतं, जयगडला हिरवं झालं."