हळदीचा साबण

पन्नालालला साबणातलं सगळं कळत होतं, फक्त साबण करता येत नव्हता. बाजारच्या वडीत जनावराची चरबी असते म्हणून त्याची विधवा आई, सायरबाई, ती हातात धरत नसे. मंग त्याने घरीच करडईचं तेल घेतलं, फेसाला खोबरेल घातलं आणि कुणाला न विचारता कांतीसाठी मूठभर हळद टाकली. कॉस्टिक सोडा पडताच सगळं लालभडक झालं.

"रंग पाण्यात निघून जातो," असं जाणत्यासारखं म्हणत त्याने आईची पांढरी ओढणी धुऊन दाखवली.

ओढणी केशरी निघाली. बारा वर्षं पांढऱ्यातच वावरलेल्या आईसमोर तो कान धरून उभा राह्यला. "मीच अक्कल गहाण ठेवल्ती, माँ."

सायरबाईने ती ओलीच डोक्यावर घेतली.

"असू दे. दुसरी पण ह्याच साबणानं धू."