गोड माती

"पाणी आत येतं का?" होडीतून उतरता उतरताच पाहुण्यांनी विचारलं.

"कुठलं पाणी?" दलाल म्हणाला.

"समुद्राचं."

"छे हो साहेब. बेट असलं म्हणून काय समुद्र घरात येऊन बसतो? एक थेंब येत नाही."

पाहुणे नुसतं "बरं" म्हणाले. मागून त्यांची बायको उतरली. तिनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग सपाट, उघड्या जमिनीकडे. "ऊन मात्र छान आहे," ती म्हणाली. उन्हाला छान म्हणणारी बाई दलालानं पहिल्यांदाच पाहिली.

बेटांच्या या देशात परक्या माणसाला जमीन घ्यायची मोकळीक मिळाली, तेव्हापासून त्याच्या कचेरीत पाहुण्यांची रीघ होती. सगळ्यांना पांढरी वाळू आणि निळं पाणी हवं असायचं. ते तो इतरांचं विकायचा. त्याची स्वतःची जमीन होती ती ही, खाडीच्या काठाला. दुसऱ्या एका दलालाच्या गोड बोलण्याला भुलून त्यानं ती घेतली होती, आणि हे तो कुणाला सांगत नसे. दर पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचं पाणी आत शिरायचं. ओसरलं की जमीन पांढरी पडायची. गवताची काडीसुद्धा उगवत नव्हती.

घरातला सगळा पैसा त्या जमिनीनं गिळला होता. बायको तिला सवत म्हणायची. गेल्या वर्षी तिनं बॅग भरली. "सवत घरातून गेली की बोलवा," असं सांगून ती शेजारच्या बेटावर बहिणीकडे निघून गेली. आरंभी दलालाला वाटलं, येईल चार दिवसांत. आली नाही. एकट्यानं जेवताना त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तिची आठवण यायची, आणि तिचंच बरोबर होतं हे आठवून जास्तच यायची.

आणि एक दिवस या पाहुण्यांचा फोन आला. "सपाट, मोकळी जमीन हवी. पीक घ्यायचंय."

"कसलं पीक?"

"ते समोरासमोर बोलू."

दलाल कामाला लागला. जमिनीवरचा पांढरा थर त्यानं खरवडून घेतला. डोंगरावरची तांबडी माती आणून पसरली. आज सकाळी नारळाची रोपंही खोचली, ती बिचारी अजून टवटवीत होती. पाहुण्यांना त्यानं बोलावलं तेही अष्टमीचा दिवस बघून. उधाण यायला अजून अवकाश होता.

पाहुण्यांनी चपला काढल्या. पाय भेगाळलेले होते, नडगीची कातडी पांढुरकी आणि जाड. शेतकऱ्याचेच पाय, दलालाला हायसं वाटलं. पाहुण्यांनी टाच रोवून जमीन दाबून बघितली, तोंड वर करून वारा बघितला. मग खाली बसले, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

दलालाचा जीव टांगणीला लागला.

"गोड आहे," पाहुणे म्हणाले आणि थुंकले.

"अहो, साखर आहे साखर. काहीही लावा. नारळ, केळी, भाजी. कसलं पीक म्हणालात?"

"ह्यांना धंद्याचं आधी बोलायची सवय नाही," बाई हसून म्हणाली. "बोललं की भाव चढतो."

"माझ्याकडे तसलं काही नाही, वहिनी. आपला कारभार उघडा."

पाहुणे खाडीकडे बघत होते. "ही भरतीला फुगत असेल."

"फुगते, पण आपली मर्यादा सांभाळून."

"पौर्णिमेला?"

"पौर्णिमेलाही."

"पावसाळ्याचं सोडा. ऐन उन्हाळ्यातल्या उधाणाला? थोडंसं तरी आत येत असेल की. खरं सांगा, भाऊ. आम्ही लांबून आलोय."

माणूस भलताच चिवट होता. दलालानं छातीवर हात ठेवला. "बायकोची शपथ घेऊन सांगतो साहेब. ही जमीन समुद्राला ओळखतसुद्धा नाही."

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "मग राहिलंच," बाई म्हणाली. शंका फिटली एकदाची, असं दलालाला वाटलं.

कचेरीत आल्यावर त्यानं चहा मागवला, पंखा पाहुण्यांच्या बाजूला वळवला आणि हळूच बाहेर येऊन बायकोला फोन लावला.

"सवत गेली," तो म्हणाला. "भर बॅग."

पलीकडे ती हसली. किती महिन्यांनी हसली होती. "संध्याकाळच्या बोटीनं येते," ती म्हणाली. "भात तेवढा लावून ठेवा."

दलाल डोळे पुसूनच आत आला. करारपत्र त्यानं पाहुण्यांसमोर सरकवलं, वर पेन ठेवलं. पाहुण्यांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि पेन उचलून त्याच्याच हातात परत दिलं.

"नको, भाऊ."

"भाव जास्त वाटतो का? करू की कमी. बसून बोलू."

"भावाचं काही नाही. तुम्ही म्हणाल तो दिला असता."

"मग काय खोट दिसली जमिनीत? शपथ घेऊन सांगितलं मी."

"शपथ घेतलीत म्हणून तर पुन्हा विचारलं नाही." पाहुण्यांच्या आवाजात खरोखरची हळहळ होती. "ऊन भरपूर, वारा चांगला, जमीन तळहातासारखी सपाट. अशी जागा आम्ही वर्षभर शोधतोय. पण समुद्राचं पाणीच आत येत नाही म्हटल्यावर आम्ही मीठ पिकवायचं कशाचं?"