वेरमणीमाय

"सकायी सकायी काय पुटपुटत व्हता बे तू?" तानबा पहिलवानानं विचारलं, आणि प्रेमदासच्या हातातला घास हातातच राहिला.

पाटलाच्या गोठ्यामागे मेलेली म्हैस तिसऱ्या दिवसाचं ऊन खात पडली होती. बौद्धवाड्यानं दीक्षा घेतल्यापासून मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. वाड्यातल्या लोकांना काठीच्या धाकानं पुन्हा त्या कामाला लावायला पाटलानं गावोगावची माणसं भाड्यानं आणली होती. प्रेमदास नाचणगावचा, या वाड्याचा जावई. हल्ला कधी होणार ते कळावं म्हणून तोही काठी घेऊन त्यांच्यात शिरला. कोणी काही विचारलं नाही. स्वतःचं गाव तिथे कोणालाच सांगायचं नव्हतं. त्यामुळे अजून त्याला एकदाही खोटं बोलावं लागलं नव्हतं, याचंच त्याला समाधान होतं.

"मी आयकलं ना," शेजारचा लहानू म्हणाला. "डोये मिटून वेरमणी, वेरमणी करत व्हता."

"वेरमणी?" तानबा सरसावून बसला. "हे कोन्ती देवी?"

वेरमणी म्हणजे दूर राहणं. हिंसेपासून दूर राहीन, चोरीपासून दूर राहीन, खोट्यापासून दूर राहीन. दीक्षा घेतल्यावर रोज उठून म्हणायचं शील ते. हे सांगितलं असतं तर काठ्या आधी त्याच्यावर पडल्या असत्या, मग वाड्यावर. प्रेमदास गप्प राहिला. गप्प राहण्यात तरी दोष नसावा, असं त्याला वाटलं.

"पाहा, नाव काढलं त बोबडी वयली," तानबा हळूच म्हणाला. "जागृत दिसते."

देवाला विचारल्याशिवाय तानबा कोणाच्या अंगावर काठी उगारत नसे. त्याचा नेहमीचा भगत चिंधू नेमका तापानं घरी पडला होता.

"दुपारी वाड्यावर जायाचं हाये," तानबा म्हणाला. "तू बस बाप्पा पाटावर. इचार तुह्या मायले."

नको म्हणायच्या आत प्रेमदासला पाटावर बसवलं, कपाळभर कुंकू फासलं, समोर लिंबू ठेवलं. कोणीतरी घमेलं बडवायला लागलं. घरातले देव त्यानं स्वतःच्या हातानं नदीत सोडून दिले होते, त्याला फार दिवस झाले नव्हते. आता तो भीतीनं थरथरू लागला.

"आली, आली!" सगळे ओरडले.

तानबानं हात जोडले. "कोण हायेस माय? वेरमणी का?"

हो म्हटलं तर शीलाचीच देवी होणार. दुसऱ्या देवाचं नाव घेतलं तर देव न मानण्याची दीक्षेतली प्रतिज्ञा मोडणार. नाही म्हटलं तर मार. तेवढ्यात वारा फिरला आणि गोठ्यामागचा वास आला.

"म्हैस," प्रेमदास म्हणाला.

घमेलं थांबलं.

"कोन्ती म्हैस?"

"मांगं पडली ते."

लहानूनं कान धरले. "माय, सकायपासून मी तुले लई बोललो व. माफ कर."

"काय पाह्यजे तुले?" तानबानं विचारलं.

"ओढा मले."

"ते वाड्यावरचे लोक ओढतीन ना. त्याच्याचसाठी त आमी आलो."

"त्यायनं नाई. ज्याच्या हातात काठी हाये, त्यानं ओढा. नाई त मी तुमच्या गोठ्यात येईन. एकेकाच्या."

खोटं बोलणं इतकं सोपं असतं याचं प्रेमदासला नवल वाटत होतं. घरी म्हशी सगळ्यांच्याच होत्या. काठ्या खाली ठेवल्या गेल्या. दोर आले.

गावाबाहेर जायची वाट वाड्यावरूनच होती. पुढे प्रेमदास, दोघांनी दंड धरून चालवलेला. मागे नाकाला शेले बांधलेले पहिलवान म्हैस ओढत होते आणि घामाघूम होऊन "म्हैसमायकी जय" म्हणत होते. पाटलाच्या माडीची खिडकी आतून बंद झाली.

वाड्यातले लोक विळे-कुऱ्हाडी घेऊन उभेच होते. सगळ्यांत पुढे प्रेमदासची बायको, धुरपता. तिला आधी कुंकू दिसलं. मग नवरा.

"पाह्यता काय?" तानबा गरजला. "पाया पडा! याच्या अंगात म्हैसमाय हाये."

"आमी कोणाच्या पाया नाई पडत, दादा," धुरपता म्हणाली. आवाज मऊ होता, पण शेवटच्या पहिलवानापर्यंत गेला. "आमच्यात अंगात येनं बी बंद झालं."

तानबानं दोर सोडला. एकेक करून बाकीच्यांनीही सोडले. काठ्या मागे राहिल्या होत्या, पण हात आता मोकळे होते. मग सगळ्यांनी प्रेमदासकडे पाहिलं.

अंगात आलेली म्हैस कोणत्या आवाजात बोलते ते कोणाला ठाऊक नव्हतं. प्रेमदासपाशी स्वतःचाच होता.

"हे कायले पडतीन पाया?" तो म्हणाला. "यायच्या आज्या-पंज्यानं मले पिढ्यान् पिढ्या ओढलं. मीच पडते."

आणि तो धुरपतासमोर धुळीत आडवा झाला.

पहिलवान एकमेकांकडे बघत राहिले. मग तानबानं फेटा काढून काखेत धरला आणि वाकला. त्याच्यामागे लहानू. मग सगळेच.

धुरपता मागे सरली नाही. म्हशीला उठवावं तशी ती खाली वाकली आणि नवऱ्यापुरतंच बोलली.

"घरी येजा. पण आदी कपाय धुजा."