कमरेचं शिसं

"सोड!"

ओर्फेलिना ओरडली आणि यास्नाच्या हातातला पाव खाली पडला. तिने घाईने कमरेची कडी ओढली. सात किलो शिशाचा पट्टा धपकन जमिनीवर आदळला.

"उशीर," आजी म्हणाली. "मेली असतीस एव्हाना. बांध परत."

दहा दिवस हेच चाललं होतं. जेवताना, भांडी घासताना, केस विंचरतानासुद्धा. यास्नाने भाल्याच्या बंदुकीने मासे मारायचं मनात घेतलं होतं. अडवलं तर चोरून जाईल, हे ओर्फेलिनाला ठाऊक होतं. यास्नाचा बाप रामिरो, ओर्फेलिनाचा एकुलता एक मुलगा, बारा वर्षांपूर्वी याच समुद्रात बुडून गेला होता.

सामान ओर्फेलिनानेच निवडलं. जुनं सामान विकणारा गाडी घेऊन आला, तेव्हा पोरीचा डोळा पिवळ्या सिलिंडरवर होता. ओर्फेलिनाने तो पायाने बाजूला सारला.

"हा पाठीला लावून शिंपले काढतात. मासा मारायचा तर छातीतल्या श्वासावर मारायचा. याचे बुडबुडे ऐकून मासा पार पेरू देशापर्यंत पळेल."

मग रबरी सूट. सैल घेतला तर आत पाणी खेळतं, आणि इथलं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतं. साबणाचं पाणी ओतून दोघींनी एक जाड, घट्ट सूट यास्नाच्या अंगावर चढवला.

"आजी, यात श्वास घेता येत नाही!"

"खाली कुठे घ्यायचाय?"

असा जाड सूट माणसाला तरंगत ठेवतो. खाली जायचं तर कमरेला शिसं हवंच; जीव धोक्यात आला तर ते सोडलं की सूटच माणसाला वर आणतो. या किनाऱ्यावर रिकाम्या हाताने परतलेलं चालतं. बंदूक हरवली तरी चालतं. पण जिवाला भिऊन शिसं टाकून आलेल्याला कोणी सुखाने जगू देत नाही. त्यातून ओर्फेलिनाची जीभ. तिने एकदा नाव ठेवलं की ते जन्माला चिकटे.

रविवारी सकाळी यास्ना पाण्यात उतरली. ओर्फेलिना खडकावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"बसा की काकू, खडक झिजेल," जाळं शिवता शिवता सेगुंदो म्हणाला.

"तू जाळ्याकडे बघ. त्या भोकांतून तुझी अक्कलसुद्धा गळते."

बाकीचे कोळी खदखदले. दूरवर तांबडा तरंगता गोळा हलत होता. त्याला बांधलेली दोरी यास्नाच्या बंदुकीला होती. पोरीचं डोकं वर येई, खाली जाई. पुन्हा वर, पुन्हा खाली.

मग गोळ्याला हिसका बसला. डोकं वर आलं नाही.

ओर्फेलिनाने आपला श्वास रोखला. तो संपला. तिने दुसरा घेतला, रोखला. तोही संपला.

गोळ्यापासून बऱ्याच अंतरावर पाणी फुटलं. यास्ना खोकत, हातपाय मारत किनाऱ्याला लागली. नाकातून रक्त येत होतं. हातात बंदूक नव्हती. तिने कमरेवर हात आडवा धरला होता, काही झाकल्यासारखा.

"दोरी शेवाळाच्या वेलींत अडकली," ती म्हणाली. "पायाला वेढा बसला. म्हणून मग..."

सेगुंदोने वाकून पाहिलं.

"अरे, हिनं पट्टा टाकला! सात किलो शिसं माशांना आहेर दिलंस का गं, तरंगत्या बुचा?"

हशा उसळला. मग एकेक करून सगळे ओर्फेलिनाकडे बघू लागले. खरी मजा आता येणार होती.

यास्ना रडायला लागली. "आजी, उद्या मी बुडी मारून शोधून आणते. शप्पथ. पुन्हा नाही टाकणार."

ओर्फेलिना कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात शिरली. दोन्ही हातांनी तिने नातीची रिकामी कंबर चाचपली, पुढून, मागून. मग ती माणसांकडे वळली.

"हसा," ती म्हणाली. "रामिरो असाच वर आला होता, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. पुढच्या खेपेला त्यानं पट्टा सोडला नाही."